अरोवानाचा उपास

वत्सलाबाईंच्या गळ्यात तीस वर्षांपासून तुळशीची माळ, आणि हॉलमध्ये मुलाने पाळलेला अडीच फुटी अरोवाना मासा. रुपेरी, तलवारीसारखा लांब, जबडा वर वळलेला. सातपूरच्या कारखान्यात टर्नर असलेल्या शेखरने सहा फुटी टाकी आणली, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं, "पाळायचा तर पाळ. मी त्याच्या वाटेला जाणार नाही."

मायलेक दोघांचंच घर. कंपनीने शेखरला आठ दिवस ट्रेनिंगला चेन्नईला पाठवलं आणि पंचाईत झाली.

"फ्रीजरमध्ये कोळंबी आहे. रोज चार टाक, चिमट्याने," एवढं सांगून तो गेला.

त्यांनी डबा उघडला. मोहरीएवढे काळे डोळे वर बघत होते. त्यांनी झाकण लावून टाकलं. माशाला पोळीचा तुकडा दिला, दुसऱ्या दिवशी भिजवलेली मटकी. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. त्या स्वयंपाकघराकडे वळल्या की तो मात्र काचेच्या त्या टोकापर्यंत सोबत यायचा. तिसऱ्या दिवशी त्यांना स्वतःचा घास उतरेना.

रिक्षा करून त्यांनी शोभेच्या माशांचं दुकान गाठलं. दुकानदाराने माशांच्या खाद्याच्या गोळ्यांचं पाकीट पुढे केलं, मग गळ्यातली माळ पाहून थांबला. "मावशी, खरं सांगतो. यातही माशांचीच पूड असते."

वत्सलाबाईंनी एक गोळी तळहातावर घेऊन निरखली.

"त्याचा धर्म त्याला. हिला डोळे तर नाहीत ना?"

"नाहीत."

"मग द्या."

अरोवानाने गोळी तोंडात घेतली आणि पचकन थुंकून टाकली. चौथा दिवस तसाच गेला, पाचवाही. वत्सलाबाई टाकीसमोर खुर्ची टाकून बसल्या. "नखरे पुरे. मीही हट्टीच आहे, सांगून ठेवते."

सहाव्या दिवशी सकाळी त्याने गोळी गिळली. थोडा वेळ स्थिर राहिला आणि दुसरीसाठी वर आला. त्या एकट्याच खुदकन हसल्या. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

शेखर परतला. बॅग ठेवून आधी फ्रीजर उघडला; डबा भरलेला पाहून त्याचा चेहरा उतरला.

"आई, आठ दिवस उपाशी ठेवलंस त्याला?"

"बस आणि बघ."

त्यांनी टाकीचं झाकण सरकवून गोळी पाण्यावर धरली. अरोवाना सावकाश वर आला आणि त्यांच्या बोटांतून ती अलगद घेऊन गेला.

"दोन वर्षं मी त्याला गोळ्या खायला शिकवतोय," शेखर म्हणाला. "एक दिवस उपाशी राहिला की मलाच राहवायचं नाही."

"तू लगेच विरघळतोस. तुला कारलं खायला असंच शिकवलं मी."

कोळंबी शेजारच्या लताबाईंकडे गेली. फ्रीजर घासूनपुसून वत्सलाबाईंनी त्यात सोललेले मटार भरले.