निळी ताडपत्री

मी एक जुने लाकडी कोठार आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सांगण्याजोगी आहे की नाही, याची मला खात्री नाही. माझ्याकडे बघायला लोक लांबून येतात; ऐकायला कोणी आलेले नाही. तरी जमेल तसे सांगून पाहते. कंटाळा आला तर खुशाल उठून जा.

गावाबाहेरच्या उतारावर एका सुताराने मला उभे केले. तुळई जागेवर बसली तेव्हा तो तिच्यावर पाय सोडून बसला आणि तिथेच जेवला. पोटात सुका चारा, खाली गाय आणि वर न गळणारे छप्पर, एवढेच माझे काम होते. मालक दर वर्षी माझ्या फळ्यांना तेल लावायचा. तेव्हा मी तपकिरी होते. माझा फोटो तेव्हा कोणीही काढला नाही.

मालक गेला. मागे त्याची मुलगी आणि धाकटा मुलगा राहिले. मुलीला सगळे ताई म्हणत. गाय तिची होती. तिने ती वासरापासून वाढवली होती. भाऊ मनाने चांगला, पण प्रत्येक काम उद्यावर ढकलणारा. तेल लावायचे राहून गेले. फळ्या राखाडी पडल्या, छपराला भोक पडले. ताईने त्यावर एक निळी ताडपत्री आणून बांधून घेतली. मी काही त्यात देखणे दिसत नव्हते, पण चारा कोरडा राहिला.

मग एक दाढीवाला फोटोग्राफर आला. त्याने माझ्या फळ्यांवरून हात फिरवला. इतक्या वर्षांत कोणी तसा फिरवला नव्हता. लाकडाच्या रेषा उठून दिसाव्यात म्हणून त्याने फळ्यांवर पाणी शिंपडले. मला बरे वाटले, हे कबूल करते.

"सगळं झकास आहे," तो म्हणाला, "ती निळी ताडपत्री तेवढी डोळ्यात खुपते."

"काढू की, त्यात काय," भाऊ म्हणाला.

ताई गाईला पाणी पाजत होती. "काढशील रे. परत बांधणार कोण?"

"अगं, अर्ध्या तासाचं काम."

"तुझा अर्धा तास मला माहीत आहे. तू आंघोळीला येतो म्हणालास की पाणी दोनदा तापवावं लागतं."

त्या दिवशी त्याने ती परत बांधली. पण दाढीवाल्याचे मित्र येऊ लागले, मित्रांचे मित्रही. भावाला त्यांच्यात उभे राहायला आवडे. कोणी तरी त्याला विचारत होते, ऐकून घेत होते. मला त्याचा रागही धड येत नाही. दर वेळी गाठी सोडणे जड जाई, म्हणून तो ताडपत्रीवर नुसते दगड ठेवू लागला. छप्पर दुरुस्त करायचा विषय निघाला की तो म्हणे, "नवं केलं तर कोण येईल बघायला?"

गाय गाभण होती. थंडीभर पुरेल एवढा चारा ताईने माझ्यात रचून ठेवला होता. त्या दिवसांत एका संध्याकाळी दाढीवाला घाईघाईने आला. माझ्यामागे आभाळ काळेकुट्ट झाले होते.

"असं आभाळ पुन्हा मिळायचं नाही," तो म्हणाला.

भावाने शिडी लावली, ताडपत्री उतरवली आणि नीट घडी करून कोपऱ्यात ठेवली. थेंब पडू लागले तेव्हा तो छत्री घेऊन धावला आणि त्याने ती कॅमेऱ्यावर धरली. मग शिडी निसरडी झाली आणि ताडपत्री खालीच राहिली. ताई एकटी आत भारे ओढत होती. "अरे, इकडे ये," ती दोनदा म्हणाली. पावसाच्या आवाजात ते त्याला ऐकू गेले नसावे. किंवा गेले असेल. माझ्या भोकातून पाणी धारेने पडत होते, आणि मला ते थांबवता येत नव्हते.

चारा आतून तापला, काळा पडला, त्याला बुरशी आली. नवा मिळण्याचे दिवस उरले नव्हते. ताईने गाय पलीकडच्या गावात मावशीकडे धाडायचे ठरवले, कायमची. निघताना गाय माझ्या उंबरठ्यावर अडून राहिली. "चल गं बाई," ताई म्हणाली आणि तिने दोर ओढला.

"ताई, मी उद्या चढतो वर," भाऊ म्हणाला. "पक्कं बांधतो."

"आता कशाला? खाली काय ठेवायचंय?"

तो वर चढला नाही.

दाढीवाल्याने तो फोटो मोठा करून पाठवला. म्हणे फार गाजला. घरात भिंतीवर लावला आहे, तिकडे ताई पाठ करून बसते. लोक म्हणतात, यात कोठार जिवंत वाटते. खरेच आहे ते. त्या घटकेला माझ्यात गाय होती, चाराही होता. फोटोत तेवढे दिसत नाही.

मित्रांनो, जुन्या गोष्टी तुम्हाला आवडतात हे चांगले आहे. तुमचा हात फळीवर फिरला की आम्हालाही बरे वाटते. फक्त आत कोण राहते ते आधी विचारा, आणि काही काढलेत तर जाण्याआधी जागेवर ठेवा. मला यापेक्षा शहाणे काही सुचत नाही.

लोक अजून येतात. आता ताडपत्री काढा असे कोणाला सांगावे लागत नाही. ती कोपऱ्यात तशीच आहे, घडी न मोडलेली. माझ्यात कोरडे असे तेवढेच उरले आहे.