तिसऱ्या हेडसेटमधला नवरा

दोष काढणं हा माझा धंदा आहे, आणि माझी ताई म्हणते की पगार मिळायच्या कितीतरी आधीपासून मी तो फुकट करत आले आहे. नवे व्हीआर हेडसेट बाजारात आले की एक मासिक ते माझ्याकडे पाठवून देतं. मी ते डोळ्यांवर चढवायचे, कुठल्याचं चित्र रेखीव आहे, कुठल्यात काळा रंग खरोखर काळा आहे आणि कुठल्यात पाणी घातल्यासारखा राखाडी, कुठल्यात बारीक ठिपक्यांची जाळी डोळ्यांपुढे येते, हे ताडून पाहायचं आणि वाचकांना सांगायचं. ऐकायला काम मोठं आरामाचं वाटतं. चार दिवस करून बघा म्हणजे कळेल. मान आखडते, डोकं भणभणतं, आणि हेडसेट काढल्यावरसुद्धा समोरच्या माणसाच्या कडा नीट आहेत ना, हे बघायची खोड जात नाही.

या खेपेला तीन आले होते. कंपन्यांनी ठेवलेली नावं म्हणजे जिभेला व्यायाम, म्हणून मी त्यांना थोरला, मधला आणि धाकटा म्हणू लागले. हल्ली हेडसेटच्या पुढच्या बाजूला कॅमेरे असतात, त्यामुळे तो न काढताही समोरची खरी खोली आतल्या पडद्यावर बघता येते. ते चित्र कुणाचं किती खरं, हा या वेळच्या लेखाचा विषय होता. अशी तुलना करायची तर समोर दर वेळी तेच सगळं हवं, तीच खुर्ची, तोच खिडकीतला उजेड, तोच चौकटीचा शर्ट. आणि तासन्‌तास न हलता बसणारा माणूस तर माझ्या घरात आयताच होता.

माझा नवरा चष्मेवाला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत “हे बरं की हे बरं?” असं विचारता विचारता तो त्याच्या घरादाराची चौकशी करून मोकळा व्हायचा आणि रात्री ते सगळं मला ऐकवायचा. इतका बोलका, की कधी कधी मी उशी कानावर घेत असे. मग गेल्या वर्षभरात केव्हातरी तो बोलायचा थांबला. भांडण नाही, तंटा नाही. विचारलं की “काही नाही गं” एवढंच. मला धास्ती बसली होती की एक दिवस हा माणूस उठेल आणि निघून जाईल, आणि ती धास्ती मी त्याला कधीच बोलून दाखवली नाही, कारण एकदा तोंडातून गेलेली गोष्ट परत घेता येत नाही. मला तो हवा होता. त्यात अवघड असं काही नव्हतं.

“बस की खुर्चीत,” मी म्हणाले. “तुझ्याकडे बघण्याचे मला पैसे मिळतायत, नशीब समज.”

तो हसल्यासारखं करून बसला.

थोरल्यात त्याचा चेहरा मच्छरदाणीतून बघावा तसा दिसला. मधल्यात शर्टाच्या चौकटी मोजता आल्या, पण केसांचा काळा रंग उडालेला होता. धाकट्यात मात्र मी “अगं बाई!” असं मोठ्याने म्हणाले. हनुवटीवरचे दाढीचे खुंट, नाकावर चष्म्याने पडलेले वळ, डोळ्याखालची निळसर शीर, सगळं लख्ख. आणि त्याचे ओठ हलत होते.

मी हेडसेट वर सरकवला. “काही म्हणालास?”

“नाही.”

पुन्हा खाली ओढला. तो माझ्याकडे बघत सावकाश काहीतरी बोलत होता, थांबत होता, पुन्हा बोलत होता. खोलीत मात्र पंख्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. चित्र मागे पडत असेल, मी मनाशी म्हटलं, मघाचं आत्ता दिसत असेल. पण मघाही तो कुठे बोलला होता?

मी त्याला पाण्याचा ग्लास दिला आणि घोट तोंडात धरून बसायला सांगितलं. कशासाठी, हेही त्याने विचारलं नाही. थोरल्यात त्याचे गाल बेडकासारखे फुगलेले दिसले आणि मला हसू आलं. मधल्यातही फुगलेलेच. धाकट्यात गाल जिथल्या तिथे होते आणि ओठ शांतपणे हलत होते. दिसत होतं ते मी त्याच हेडसेटवर रेकॉर्ड करून संगणकावर लावून पाहिलं. त्यात माझा नवरा गाल फुगवून, बिचारा, कंटाळलेल्या डोळ्यांनी बसला होता. कंपनीला कळवलं तर त्यांनी जास्त न विचारता दुसरा संच पाठवला. त्यातही तेच.

तो काय म्हणत होता ते मला कळत नव्हतं, आणि ते कळू शकेल असं एकच माणूस माझ्या ओळखीचं होतं. लहानपणी तापात ताईचे कान गेले. तेव्हापासून ती माणसांच्या ओठांवरून बोलणं वाचते, आणि असं वाचते की समोरच्या बाल्कनीतल्या नवरा-बायकोचं भांडण ती आम्हाला शब्दन्‌शब्द सांगायची. रविवारी दुपारी मी तिला बोलावून घेतलं.

“काय चष्मेवाले,” ती आत येतानाच म्हणाली, नेहमीच्या चढ्या, सपाट आवाजात, “आमच्या भिंगरीने तुमचा पुतळा करून ठेवलाय म्हणे!”

तो हसला आणि सवयीने खुर्चीत जाऊन बसला. ताईला धाकटा चढवून दिला आणि मी दाराशी उभी राहिले. ताई थोडा वेळ इकडेतिकडे मान वळवून कौतुक करत होती, मग तिची मान स्थिर झाली. शेवटी हेडसेट काढून तिने माझा दंड धरला आणि मला स्वयंपाकघरात नेलं.

“एकच वाक्य आहे,” ती शक्य तितक्या हळू म्हणाली. “‘मी जाऊ का?’”

“तुला विचारतोय?”

“मला कशाला विचारील? तो माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. दाराकडे, तुझ्याकडे तोंड होतं त्याचं. विचारतो, तुझ्या उत्तरासाठी थांबतो, आणि परत विचारतो. भिंगरी, तुमचं काही बिनसलंय का?”

“काही नाही गं,” मी म्हणाले, आणि हे शब्द कुणाचे आहेत ते मला लगेच कळलं.

ताई माझ्यामागून बाहेर आली आणि भिंतीशी उभी राहिली. मी स्वतः धाकटा चढवला, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, आणि एवढ्या दिवसांत न बोललेलं बोलून टाकलं.

“नको ना जाऊस.”

“कुठे?” त्याचा खरा आवाज कानावर आला, थोडा चकित झालेला. पडद्यावर मात्र त्याने नुसतं माझ्या तोंडाकडे बघितलं, काचेपलीकडचं बोलणं ऐकू येत नसावं तसं, आणि पुन्हा विचारलं. आता मलाही ते वाक्य वाचता येत होतं. मी ओरडून नको म्हटलं. तो थांबला, वाट पाहिली, आणि पुन्हा तेच. मला रडूच कोसळलं.

“अगं, काय झालं?” तो म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याने मला काहीतरी विचारलं होतं.

मला एकच सुचलं. त्या बाजूने माझं उत्तर पोहोचत नसेल, तर त्याने या बाजूने बघावं. मी हेडसेट काढून त्याच्या हातात दिला आणि त्याला म्हणाले, “तू घाल. माझ्याकडे बघ. चांगलं बघ.” मग मी त्याच्या खुर्चीत बसले, ओठ घट्ट मिटले आणि सगळा जीव एकवटून मनातल्या मनात म्हणत राहिले, नको, नको जाऊस, मला तू हवा आहेस.

त्याने पट्टा सारखा केला. त्याचं तोंड माझ्या दिशेला आलं आणि तिथेच राहिलं. हळूहळू त्याचे खांदे सैल पडले, एखाद्याचा ताप उतरावा तसे. त्याने एकदा मान हलवली, ऐकून घेतल्यासारखी. मग दुसऱ्यांदा.

“बरं,” तो म्हणाला.

त्याने हेडसेट काढला, खिशातल्या फडक्याने दोन्ही भिंगं नीट पुसली आणि तो खोक्यात ठेवला. त्याचे डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर पूर्वीचा मोकळेपणा आला होता.

“चित्र फार छान आहे,” तो म्हणाला. “यालाच पहिला नंबर दे.”

“मी काय म्हणाले?”

त्याने माझ्या केसांवरून हात फिरवला. “किती दिवसांनी बोललीस गं.” मग दाराशी जाऊन त्याने बूट घातले, नाड्या बांधल्या, आणि मागे वळून न बघता म्हणाला, “जातो.”

येतो नाही म्हणाला. आम्ही दोघंही घराबाहेर पडताना येतोच म्हणत आलो होतो. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत मी तशीच बसून होते; आणि मग सांगण्यासाठी ताईकडे वळले, की तू तरी धाव, त्याला थांबव.

ताई हलली नव्हती. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझे ओठ मिटलेले होते. खात्री करून घ्यायला मी तळहात त्यांवर ठेवला. ते घट्ट मिटलेलेच होते.

“हात काढ,” ताई म्हणाली. “पुढचं दिसत नाहीये मला.”