चार बोटं वर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी पुलाच्या चढावर घड्याळवाल्यांच्या उजव्या गुडघ्यात कळ आली आणि ते सायकलवरून उतरले. उरलेला चढ त्यांनी सायकल हातात धरून काढला.

वय अठ्ठावन्न. दिवसभर स्टुलावर बसून, डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणं हे त्यांचं काम. अकरा महिन्यांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी रोज चाळीस मिनिटं सायकल चालवायला सांगितली. तेव्हापासून वजन सात किलोंनी उतरलं, साखरेची एक गोळी बंद झाली, जिना चढताना लागणारा दम गेला. घरात सायकल एकच होती, मुलीची. ती नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली, त्याला अडीच वर्षं झाली. एकदाही आलेली नाही.

त्याच दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून पाहिला. "सीट किती खाली आहे?"

"मुलीच्या मापाची आहे."

"मग वर घ्या. पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. नाहीतर सायकल बंद. साखर उतरवायला निघालात आणि गुडघा घालवून बसाल."

घरी बायकोने ऐकून घेतलं. "एवढंच ना? पाना आणा."

"राहू दे. ती आली की तिला लगेच बसता यायला हवं."

"अहो, खाली करायला अर्धं मिनिट लागतं. घड्याळवाले तुम्ही, मी सांगू का अर्धं मिनिट म्हणजे किती?"

"तिच्या हातची आहे ती सीट. तिने लावलेली."

बायको भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "ती आली आणि तुम्ही पाय धरून खाटेवर पडलेले, तर ती काय सीट बघणार आहे?"

रविवारी त्यांनी सीटखालच्या पाइपवर, पकडीला लागून, खिळ्याने बारीक रेघ ओढली. मग सीट चार बोटं वर घेतली. पकड आवळल्यावर त्यांनी रेघ दिसते ना, ते भिंग लावून पाहिलं.

सोमवारी पुलाचा चढ न उतरता पार झाला.

संध्याकाळी बायकोने हे फोनवर मुलीला सांगितलं.

"माझी सीट हलवली?" मुलगी ओरडली. "थांबा, येते आणि बघतेच बाबांकडे."

घड्याळवाल्यांनी फोन हातात घेतला. "कधी येतेस?"

"रजा टाकलीय, बाबा. बघू."

गुरुवार सकाळपर्यंत रजा मंजूर झाल्याचं कळलेलं नाही. पाना सीटमागच्या पिशवीत आहे.