उंबरटेपची गस्ती होडी

मी एक जुनी होडी आहे, पोलिसांच्या गस्तीची. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली हकिकत सांगतात तेव्हा केलेल्या सेवेचा अभिमान बाळगतात. मला तसा अभिमान नाही. माझ्या नोकरीची पहिली वर्षं आठवली की अजून शिसारी येते. तरीही सांगते, कारण माझी हकिकत खोटी लिहिली गेली आहे आणि ते कागद अजून कुठेतरी जपून ठेवलेले असतील.

माझा जन्म १९५८ साली करंज्याच्या बंदरात झाला. दोन सुतार भावांनी सागाच्या फळ्या वाकवून मला घडवलं, फटींत कापूस ठोकला, वर राळ लावली. आपण खाऱ्या पाण्यात जाणार असं मला वाटत होतं. पण मला ट्रकवर चढवलं. पेण मागे पडलं, खोपोली आली आणि घाटाच्या पायथ्याशी, चारी बाजूंनी डोंगर असलेल्या मोरदरा तलावावर मला उतरवलं, तिथल्या एका बेटासाठी.

डोंगरात कसलं बेट, असं तुम्ही म्हणाल. ते माणसांनीच केलं होतं. एका कारखान्याने ओढ्यावर बांध घातला, दरी भरली आणि उंबरटेप नावाची ठाकरांची अकरा घरांची वाडी चहूकडून पाण्यात सापडली. त्यांचा बाजार अलीकडच्या काठाला. येण्याजाण्याला त्यांच्याकडे फक्त बांबूचे ताफे, म्हणजे तराफे होते. म्हणून कारखान्याच्या शेठजींनी मला पोलिसांना दान केलं. माझ्या निळ्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'बेटावरील जनतेच्या रक्षणार्थ'. नारळ फुटला, फोटो निघाला. वाडीच्या लोकांना बोलावून टाळ्या वाजवायला उभं केलं होतं. त्यांना खरंच आनंद झाला होता. वाघ्या नावाच्या तरुण ठाकराने माझ्या फळीवरून हात फिरवला आणि बायकोला, बुधीला म्हणाला की आता गवताचा भारा भिजायचा नाही.

काठावर पोलीस चौकी होती. तिथे एक जमादार, गोमा नावाचा शिपाई आणि मला चालवायला पनवेलच्या खाडीकडचा चांगो. चांगो जातीचा आगरी, लहानपणापासून पाण्यात वाढलेला. रोज सकाळी तो माझा तळ हाताने चाचपून बघायचा. एवढं सोडलं तर त्या चौकीत मला माया कुणी केली नाही.

जमादाराने पहिल्याच आठवड्यात सांगितलं की होडीत गवत चढवायचं नाही, रंग खराब होतो. मग सरपण नको, कोंबड्या नकोत, ओले पाय नकोत. वाडीची माणसं काठावर ताटकळत राहायची आणि जमादाराला लहर आली तर मी चार जणांना घेऊन यायची. बाकीचे पूर्वीसारखेच ताफ्यांवरून जा-ये करत. रविवारी मात्र मी रिकामी नसायची. पोलिसांतल्या वरच्या साहेबांचे आणि शेठजींचे पाहुणे यायचे. माझ्यात बसून कोंबडी खायचे, बाटल्या रिकाम्या करायचे, हाडं माझ्या तळफळ्यांखाली टाकायचे. एकदा एक गृहस्थ माझ्यातच ओकले आणि बाकीचे हसले. चांगो राखेने मला घासायचा, पण लाकडात मुरलेला वास जात नाही. रोजच्या नोंदवहीत जमादार लिहायचा, 'बेटाभोवती गस्त घातली. जनता समाधानी.'

याहून घाण काम पुढेच होतं. १९६४ च्या श्रावणात हुकूम आला की तलावातली मासेमारी ठेक्याने दिली आहे, पोलिसांच्या होडीशिवाय दुसरं काहीही पाण्यावर दिसता कामा नये. आम्ही उंबरटेपला गेलो. गोमाने वाडीचे सहा ताफे सोडले आणि दोराने माझ्या मागे बांधले. ते मी ओढत आणले. मित्रांनो, दोर माझ्याच कडीला होता. काठावर त्यांची होळी केली. बुधीने विचारलं होतं की आता आम्ही बाजाराला यायचं कसं. जमादाराने माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की एवढी सरकारची होडी आहे की.

अश्विनात गवताची कापणी सुरू झाली. एका रविवारी दुपारी मी पाच पाहुण्यांना घेऊन तलावात फिरत होते. जमादार पुढे बसला होता, चांगो आणि गोमा वल्ही मारत होते. उंबरटेपच्या टोकाशी वाघ्या उभा दिसला. तो डोक्यावरचं फडकं काढून हलवत होता, ओरडत होता. पाहुण्यांतल्या एका बाईंना वाटलं की तो रामराम करतोय. त्यांनी हातरुमाल हलवला. मग सगळ्यांनीच हलवले.

चांगोने वल्हं थांबवलं. "जमादार, तो हाका मारतोय. कुनाला तरी पान लागलंय."

आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. जमादाराला ते कळलं. तो हळू आवाजात म्हणाला, "पाहुणे उतरले की बघू. चल तू."

आणि चांगो चालला. हे मी लपवणार नाही, कारण त्यानेही पुढे लपवलं नाही. पाहुण्यांना बांधाची भिंत बघायची होती, ती बघून झाली. काठावर चहा झाला. मग ते एकदाचे गेले आणि चांगो एकटाच मला घेऊन उंबरटेपला आला. तोवर दीड-दोन तास उलटले होते.

बुधीला गवत कापताना पान लागलं होतं, फुरशाचं. उजवा हात कोपरापर्यंत सुजून काळा पडला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. वाघ्याने तिला उचलून माझ्यात ठेवलं. चांगोने ओळखीच्या ट्रकवाल्याला थांबवून दोघांना खोपोलीच्या दवाखान्यात पोचवलं. तिथल्या डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला. पण दोन बोटं सडली, ती कापावी लागली, आणि उरलेला हात वाळक्या फांदीसारखा झाला. थोडं आधी आणलं असतं तर हात राहिला असता, असं डॉक्टर वाघ्याला म्हणाले.

वाघ्या खालापूरच्या कचेरीत गेला. त्याला लिहिता येत नव्हतं. अर्ज लिहून घेईपर्यंत तो दोन दिवस पायरीवर बसून राहिला. अखेर अर्ज घेतला गेला आणि अलिबागहून एक साहेब चौकशीला येणार असं कळलं.

जमादाराने नोंदवहीचं त्या रविवारचं पान बदललं. नव्या पानावर लिहिलं, 'होडी तळास भोक पडल्याने पंधरा दिवस बंद.' पण मी तर धडधाकट होते. म्हणून त्याने चांगोच्या हातात कुऱ्हाड दिली. चांगोने ती खाली ठेवली आणि म्हणाला, "मी होडी फोडनार नाय." मग जमादाराने गोमाला सांगितलं. गोमा वाईट नव्हता, घाबरट होता. मला काठावर उलटी करून त्याने तळावर चार घाव घातले. मित्रांनो, मला दुखलं म्हणून सांगत नाही. एक खोटी ओळ खरी ठरवायला माझं अंग वापरलं, याची मला किळस आली. तशीच ताफे ओढले होते त्या दिवसाचीही आली. चांगल्या सागाची असले म्हणून काय झालं, कामं तर असलीच केली.

साहेब आले. त्यांनी वही बघितली, भोक बघितलं आणि निघायला वळले. बाजूला वाघ्या उभा होता. तेव्हा चांगो पुढे झाला. त्याला घरी म्हातारी आई होती, तीन पोरं होती, आणि ही सरकारी नोकरी मोठ्या खटपटीने मिळाली होती. त्याने भोकाच्या कडेवर बोट ठेवलं.

"साहेब, पान्यात फुटलेलं लाकूड काळं पडतंय. ह्ये बगा, आतून पिवळं हाय. परवा फोडलंय. त्या दिशी होडी धड होती. मीच वल्हवत होतो. हाक मी आयकली आनि पुडं गेलो. माजंबी नाव लिवा."

साहेब खाली वाकले. त्यांनी नखाने लाकूड खरवडून बघितलं.

न्याय झाला असं तुम्हाला वाटेल. जमादाराची बदली झाली, लोणावळ्याच्या चांगल्या हवेत. गोमाला ताकीद मिळाली. चांगोला कामावरून काढलं, कारण सरकारी मालाची काळजी घेणं त्याचं काम होतं आणि माल तर फुटला होता. एक गोष्ट मात्र घडली. ताफ्यांची बंदी साहेबांनी उठवली. माझ्यावर 'निकामी' असा शेरा मारला आणि मी दोन पावसाळे काठावर कुजत पडले.

तिसऱ्या उन्हाळ्यात चांगो आला. सोबत हत्यारांची पिशवी होती. वाघ्याने ऐनाच्या लाकडाची एक फळी आणली. दोघं तीन दिवस माझ्या तळाशी बसले. एकदाच चांगो म्हणाला की त्या दिवशी मी वळायला हवं होतं. वाघ्या म्हणाला, "व्हय, वळाया पायजे हुतं," आणि खिळे पुढे केले. निळा रंग चांगोने रंध्याने तासून टाकला.

त्यानंतर बारा वर्षं मी उंबरटेपची होते. गवत, सरपण, कोंबड्या, नवऱ्या, म्हातारे, ओल्या पायांची पोरं, सगळं माझ्यातून गेलं. फक्त बुधी माझ्यात कधी बसली नाही. शहाण्यासुरत्या बायकांनी समजावलं, वाघ्याने समजावलं. ती ताफ्यावर बसून माझ्या मागून यायची, डाव्या हाताने बांबू रोवत. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर मीही बसले नसते.

आता वाडीला पूल झाला आहे आणि मी काठावर उलटी पडले आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना तेलपाणी करा, उन्हात टाकू नका, हे तर मी सांगेनच. पण एखादी वस्तू लोकांसाठी म्हणून वाजतगाजत दिली गेली, तर महिन्याभराने जाऊन बघा, तिच्यात कोण बसलंय आणि काठावर कोण उभं आहे. कुणी लांबून हात हलवत असेल तर रुमाल हलवू नका. आधी तो काय म्हणतोय ते ऐका.

माझा तळ आता आभाळाकडे आहे. चैत्रात तो चांगला तापतो. परवा बुधी आली. केस पिकले आहेत तिचे. तिने पदराने माझ्यावरची धूळ झटकली, मोहाची फुलं वाळायला एका हाताने पसरली आणि राखण करायला शेजारी सावलीत बसून राहिली.