अमकीच्या जागी

माझी गाणी, आणि कुलूप लावणार दिगंबर! मी म्हटलं, बाबा, आधी तुझ्या तोंडाला लाव.

दिगंबर माझ्या दिराचा मुलगा. सिंधीपुऱ्यात त्याचा छापखाना. मी दुसरीतून शाळा सोडलेली. तरी हे माझ्या हातानं लिहिते आहे, नातसून पूर्णिमा फक्त काने-मात्रे बघते.

लग्नात विहिणीला चिडवायची गाणी माझ्याइतकी अख्ख्या राजपुऱ्यात कुणाला येत नाहीत. पण आता मांडवात डीजे दणदणतो आणि बायका मुक्यानं बसतात. माझ्यामागं ही गाणी म्हणणार कोण, हा एकच घोर होता. म्हणून पूर्णिमानं कॉम्प्युटरवर त्यांचं पुस्तक केलं, मोबाइलवर वाचायचं. गाणं असं:

अमकी विहीण आली शालू नेसून,
जिलेबीची परात गेली पुसून,
वर म्हणते, मी उपाशी बसून!

अमकीच्या जागी समोरच्या विहिणीचं नाव घालायचं.

"आजी, ये देखो," पूर्णिमा म्हणाली. तिनं वरच्या खान्यात 'अमकी' लिहिलं, खालच्यात 'सिंधू', आणि बटन दाबलं. पुस्तकभर सिंधूच सिंधू! सिंधू म्हणजे तिची सख्खी आई. पोरगी हसून लोळली.

"केवढ्याला आणलं हे?"

"हे सॉफ्टवेअर फुकट आहे. बनवणाऱ्यांनी आतलं सगळं उघडं ठेवलंय. कोणीही घ्या, बदला, पुढं द्या."

"मग आमच्या गाण्यासारखंच की! मी सासूकडून घेतलं, दोन ओळी माझ्या घातल्या. कुणाला विचारलं होतं?"

तेवढ्यात दिगंबर आला. "काकू, पुस्तक असं उघडं सोडू नका. लॉक लावून देतो. नाहीतर कोणीही शब्द बदलेल."

"बदलू दे. ज्यात नवं नाव शिरत नाही ते गाणं मांडवात म्हणायचं कसं?"

"उद्या तुमच्याच नावानं गातील, मग कळेल!"

"गाऊ दे. मी काय मेणाची आहे?"

पूर्णिमानं पुस्तक तसंच, बिनकुलपाचं, सगळ्या नातेवाइकांना पाठवलं.

पुढं माझी नात निशा हिचं लग्न आलं. नवरदेवाकडचे फोपनारचे, केळीवाले. पंगत बसली आणि नवरदेवाची आई निर्मलाबाई मोबाइल हातात धरून उभी राहिली; आमचं पुस्तक फिरत फिरत तिच्यापर्यंतही पोचलं होतं. मागं तिच्या जावा. डीजेवाल्याला तिनं दटावून गप्प केलं आणि माझ्याकडे बघत सुरू झाली:

धुरपदा आजी बसली बाजेवर,
जिभेला धार लावते दगडावर,
दात नाहीत, तरी चावते लग्नभर!

धुरपदा म्हणजे मीच. माझं नाव आजवर असं कुणी घेतलं नव्हतं. चाल माझीच, शब्द मात्र सगळे नवे. दिगंबर कानाशी आला. "बघा काकू. तेव्हाच म्हटलं होतं, लॉक लावू."

"सरक बाजूला. ऐकू दे."

मी काठी टेकून उठले. "निर्मलाबाई, दात अजून दोन आहेत माझे, नीट मोजा! आणि ही शेवटची ओळ मिळमिळीत म्हटली तुम्ही. आवाज केळीच्या बागेत विसरलात का? परत म्हणा!"

बाई हसली आणि पदर खोचून दुप्पट जोरानं म्हणाली. तिसऱ्यांदा तर आमच्याकडच्या पोरीसुद्धा तिच्या बाजूनं गायला लागल्या, बेइमान!

मी पूर्णिमाला म्हटलं, "हे पुस्तकात घाल. खाली निर्मलाबाईचं नाव लिही. आणि माझं नाव काढून परत अमकी कर, पुढच्या आजीसाठी लागेल."

मग मी घसा खाकरला. आता माझी पाळी होती.