बाबांचा वर्ग

बाबा फॅक्टरीतून फिटर म्हणून निवृत्त झाले. आपण जबलपूरच्या जुन्या कॉलेजात दोन वर्षं शिकलो, असं ते घरी नेहमी सांगत. पुढे मलाही तिथेच बी.ए.ला प्रवेश मिळाला. एका रविवारी पालकांना इमारत दाखवणार होते, तेव्हा मी त्यांना हट्टानं घेऊन गेले.

उंच कमानी, दगडी खांब, सागवानी जिना पाहत आम्ही सगळ्यांबरोबर फिरत होतो. "बाबा, तुमचा वर्ग कोणता?" मी मैत्रिणींसमोर ऐटीत विचारलं.

बाबा घुटमळले. मग त्यांनी मनोऱ्याखालची खोली दाखवली.

"अंकल, वो तो शुरू से गर्ल्स कॉमन रूम है," इमारत दाखवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले.

बाबांचा चेहरा पडला. मला बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "मी इथं शिकलोच नाही, प्रियंका. फॉर्म घेऊन आलो होतो. एवढी मोठी इमारत पाहून फाटकातूनच परतलो."

"मग काहून सांगत होते?"

"लग्नाच्या वेळी तुझ्या आईला सांगितलं, मग सांगतच राहिलो."

खोटं ते बोलले होते, पण मला माझ्याच हसण्याची लाज वाटली. मैत्रिणी हाका मारत होत्या, तरी मी बाबांचा हात धरून त्यांना माझ्या वर्गात नेलं. दारात थांबून ते चपला काढू लागले.

"राहू द्या ना, बाबा," मी म्हणाले आणि त्यांना माझ्या बाकावर नेऊन बसवलं.