सारख्या बाह्या

"शर्ट बघितला की शिंपी हाय हे कळतंय का न्हाय?" दिलदार शिंप्याने मशीनवरचा पाय थांबवला. "मग डोळा बघा की, गुर्जी. त्यो काय आपसूक झाला?"

बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला गंगावेशीतल्या त्या दुकानात शनिवारची शाळा सुटली की हाच वाद चाले. सिद्धलिंग मास्तर हायस्कुलात जीवशास्त्र शिकवत. घरी त्यांची बायको बसव्वा देवपूजा करायची आणि मास्तर इथे येऊन देवालाच धारेवर धरायचे. डोळा पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू बदलत घडला, कुणी बेतून शिवला नाही, हे त्यांनी नाना परींनी सांगून पाहिले होते. दिलदार ऐकायचा, चहा मागवायचा आणि पुन्हा शर्टावर यायचा.

त्या दिवशी मात्र बाकावर गिऱ्हाइकं बसली होती. त्यातला केरबा हसून म्हणाला, "मास्तर, शिंप्यानं गप केलं की तुम्हास्नी."

मास्तरांची जीभ सुटली. "तुझा वरचा शिंपी एवढा हुशार, तर मदिनाचा हात आखूड कुणी बेतला रे?"

कुणी हसले नाही. पडद्यापलीकडे काजं करत बसलेली दिलदारची लेक मास्तरांना दिसली ती बोलून झाल्यावर. मदिनाचा डावा हात जन्मापासून आखूड. बाप तिची डावी बाही त्याच हाताच्या मापाने बेतायचा, आणि पोर बिनघोर वावरायची.

मुद्दा बिनतोड होता, आणि तोच मास्तरांना आठवडाभर खात राहिला. शास्त्र खरे होते. पण ते त्यांनी धोंड्यासारखे एका पोरीला फेकून मारले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली.

पुढच्या शनिवारी ते शर्टाचे कापड घेऊन गेले. "दिलदार, चुकलो मी. असेलही कुणी शिंपी."

"माझ्यापायी खोटं नगा बोलू, गुर्जी." दिलदारने गळ्यातली टेप काढली. "हात लांब करा."

मास्तरांनी आपणहून डोळ्याचा विषय काढून पाहिला. दिलदार माप घेत राहिला.

तेवढ्यात मदिना कापड न्यायला बाहेर आली. अंगात नवा कमीज होता. डावी बाही बोटांच्याही खाली लोंबत होती.

मास्तरांची नजर कुठे आहे ते दिलदारने ओळखले. "तीच म्हणाली," तो हळू बोलला, "अब्बा, दोन्ही बाह्या सारख्याच बेता."

मदिना पडद्याआड जाऊन काजं करायला बसली. बाही सारखी सुईवर घसरत होती, आणि ती दातांनी धरून वर ओढून घेत होती.